डॉ. अकासिओ व्हिएगस : प्लेगचे निदान आणि नगरशासनाची कसोटी

नगरावर कोसळलेल्या आपत्तीचा इतिहास बहुधा मृतांच्या आकड्यांतून आणि अधिकाऱ्यांच्या अहवालांतून लिहिला जातो. आपत्ती प्रथम ओळखली कोणी, ती जाहीर करण्यास विलंब का झाला, आणि ज्याने ती ओळखली त्याच्या हाती पुढे किती अधिकार होता, हे प्रश्न त्या मानाने मागे पडतात. वस्तुतः नगरशासनाची खरी परीक्षा ह्याच प्रश्नांत असते. १८९६ साली मुंबईत प्लेगचे निदान करणारे डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांचे चरित्र ह्या दृष्टीने मननीय आहे. ते व्यवसायाने डॉक्टर होते आणि त्याच वेळी मुंबई महापालिकेचे निवडून आलेले सभासदही होते. रोग्याच्या अंथरुणापासून स्थायी समितीच्या सभागृहापर्यंतचे अंतर त्यांना स्वतःच चालून जावे लागले. त्या प्रवासात नगरशासनाचे बळ आणि त्याची मर्यादा ही दोन्ही स्पष्ट दिसतात.

व्हिएगस यांचा जन्म १ एप्रिल १८५६ रोजी गोव्यातील बार्देश तालुक्यात हडफडे या गावी झाला. गोवा त्या काळी पोर्तुगीज सत्तेखाली होता आणि बार्देश, साष्टी या भागांतून उपजीविकेसाठी मुंबईला जाणाऱ्यांचा ओघ मोठा होता. जहाजावरचे खलाशी, स्वयंपाकी, वादक, शिंपी अशा अनेक व्यवसायांत गोमंतकीय मंडळी मुंबईत स्थिरावत होती. गावोगावच्या लोकांनी मिळून चालविलेल्या ‘कुडी’ हा त्यांचा परक्या शहरातला पहिला निवारा असे. ह्याच ओघातून काही तरुण उच्च शिक्षणाकडे वळले. व्हिएगस त्यांपैकी एक. मुंबईतील ग्रँट मेडिकल कॉलेजमधून १८८० साली ते वैद्यकाची परीक्षा प्रथम वर्गात उत्तीर्ण झाले आणि त्यांनी मांडवी भागात स्वतंत्र व्यवसाय सुरू केला.

मांडवीची निवड पुढील घटनांच्या दृष्टीने निर्णायक ठरली. बंदराला लागून असलेला हा भाग धान्याच्या व्यापाराचे केंद्र होता. खाली धान्याची वखार आणि वर माणसांची वस्ती अशी तेथील अनेक घरांची रचना होती. व्यापारी बहुतेक कच्छी व गुजराती. हमाल आणि मजूर दूरदूरच्या प्रांतांतून आलेले. गल्ल्या अरुंद, उजेड कमी, सांडपाण्याची गटारे सदैव तुंबलेली. अशा वस्तीत वर्षानुवर्षे घरोघर जाणाऱ्या डॉक्टराला नकाशावर न दिसणारे शहर दिसत असते. कोणत्या चाळीत किती बिऱ्हाडे आहेत, ताप कोणत्या ऋतूत कोठे सुरू होतो, कोण दवाखान्यात येते आणि कोण आजार लपवते, ही सर्व माहिती त्याच्याजवळ आपोआप साठत जाते. येथे हे लक्षात घेतले पाहिजे की ह्या वस्तीत व्हिएगस धर्माने, भाषेने आणि जन्मस्थानानेही परके होते. त्यांना तेथे घरात प्रवेश मिळाला तो केवळ वैद्य म्हणून.

१८८८ साली ते महापालिकेवर निवडून आले. त्याच वर्षी मुंबई महापालिकेचा नवा कायदा झाला. फिरोजशहा मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्यासारख्या नेत्यांनी कायदे कौन्सिलात त्याच्या घडणीत भाग घेतला होता. ह्या कायद्याने ७२ सभासदांची महापालिका निर्माण केली. त्यांपैकी ३६ सभासद करदात्यांनी विभागवार निवडून द्यावयाचे होते. बारा जणांची स्थायी समिती खर्चावर लक्ष ठेवी. परंतु प्रत्यक्ष अंमलबजावणीचे अधिकार सरकारनियुक्त म्युनिसिपल कमिशनरच्या हाती होते. म्हणजे प्रश्न विचारणे, पैसे मंजूर करणे आणि ठराव करणे हे सभासदांकडे, तर हुकूम काढणे कमिशनरकडे. शांततेच्या काळात ही विभागणी फारशी जाचक वाटत नसे. आपत्तीच्या काळात तिचे परिणाम काय होतात, हे आठच वर्षांत दिसून आले.

१८९४ साली हाँगकाँगमध्ये प्लेगची साथ उद्भवली आणि तेथे अलेक्सांद्र येर्सें या संशोधकाने रोगाचा जंतू ओळखला. हाँगकाँग आणि मुंबई ह्यांच्यात जहाजांची नित्य ये-जा होती. त्यामुळे धोका अगदीच अनपेक्षित होता असे म्हणता येत नाही. १८९६ च्या पावसाळ्याअखेर मांडवीत तीव्र तापाचे आणि काखेत वा जांघेत गाठी येऊन दगावणारे रोगी आढळू लागले. वखारींत उंदीर मरून पडत असल्याचेही लोकांनी पाहिले होते. व्हिएगस यांनी आपल्या रोग्यांची लक्षणे तपासली, नवरोजी हिलच्या दाट वस्तीतील रोगी पाहिले, आणि हा नेहमीचा मलेरिया वा विषमज्वर नसून ग्रंथिक सन्निपात, म्हणजेच प्लेग आहे असा निर्णय केला. २३ सप्टेंबर १८९६ रोजी त्यांनी ही गोष्ट महापालिकेच्या स्थायी समितीपुढे मांडली.

ह्या निवेदनाचे स्वागत कृतज्ञतेने झाले नाही. प्लेग हा शब्द उच्चारण्याची किंमत फार मोठी होती. मुंबई हे कापसाच्या आणि धान्याच्या निर्यातीचे बंदर होते. रोगाचे नाव अधिकृत झाले की युरोपातील बंदरे मुंबईच्या जहाजांना मज्जाव करतील, बाजार बसेल आणि गिरण्यांतील मजूर पळ काढतील, ही भीती सर्वांनाच होती. सरकारी भाषेत आरंभी संशयास्पद स्वरूपाचा ताप एवढाच उल्लेख होत राहिला. निदान खरे की खोटे हे ठरविण्यासाठी तज्ज्ञांना पाचारण करण्यात आले. कलकत्त्याहून आलेले जंतुशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन ७ ऑक्टोबरला मुंबईत पोहोचले आणि सूक्ष्मदर्शक यंत्राखालील तपासणीने व्हिएगस यांचे म्हणणे खरे ठरले. भीतीही निराधार नव्हती. फेब्रुवारी १८९७ मध्ये व्हेनिस येथे केवळ प्लेगच्या प्रश्नावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि मुंबईहून निघणाऱ्या हज यात्रेवर त्या वर्षी बंदी आली. मात्र भीती खरी असली तरी तिने रोग थांबत नाही. विलंबाचा काळ रोगाच्या पथ्यावर पडतो.

साहित्याच्या अभ्यासकाला ह्या प्रसंगात एक परिचित आकृती दिसते. मांझोनी यांच्या ‘इ प्रोमेस्सी स्पोझी’ या इटालियन कादंबरीत १६३० सालच्या मिलान शहरातील प्लेगचे वर्णन येते. तेथेही डॉक्टरांच्या इशाऱ्याची हेटाळणी होते आणि रोगाच्या खऱ्या नावापर्यंत अधिकारी व नागरिक पायरीपायरीने, नाइलाजाने येतात. आल्बेर काम्यू यांच्या १९४७ मधील ‘ला पेस्त’ या कादंबरीतील नगराधिकारी रोगाचे नाव घेणे शक्य तितके लांबवितात. अनंतमूर्तींच्या ‘संस्कार’ (१९६५) या कन्नड कादंबरीत उंदीर मरतात, गिधाडे घिरट्या घालतात, तरी अग्रहार धर्मशास्त्राच्या पेचात इतका गुंतलेला असतो की समोरचे चिन्ह वाचण्याची त्याला सवड नसते. तीन भिन्न भाषांतील ह्या कृतींचे हेतू भिन्न आहेत, परंतु त्यांचे निरीक्षण सारखेच आहे. आपत्तीचे नाव घेणे हे केवळ ज्ञानाचे काम राहत नाही. त्यासाठी समाजात काही स्थान आणि ते स्थान पणाला लावण्याची तयारी असावी लागते. व्हिएगस यांना डॉक्टरकीने ज्ञान दिले होते आणि सभासदत्वाने स्थान दिले होते. केवळ डॉक्टर असते तर त्यांचे मत वर्तमानपत्रातील पत्रापुरते उरले असते. केवळ सभासद असते तर त्यांना रोग दिसलाच नसता.

रोगाचे नाव मान्य झाले आणि लगेच दुसऱ्या टोकाचा आरंभ झाला. कमिशनर पी. सी. एच. स्नो यांनी ६ ऑक्टोबर १८९६ रोजी जाहीरनामा काढून प्लेगच्या रोग्यांना सक्तीने रुग्णालयात हलविण्याचा आणि घरांची शुद्धी करण्याचा अधिकार घेतला. कायद्याने त्यांना तो अधिकार होता. परंतु लोकांना ह्यातील काहीच समजावून सांगितलेले नव्हते. रुग्णालय म्हणजे मरणाची जागा, तेथे जातपात व धर्म बुडतो, माणसे तेथून परत येत नाहीत, अशा समजुती पसरल्या. २९ ऑक्टोबरला सुमारे १,००० गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडवरील साथीच्या रुग्णालयावर हल्ला केला. दुसऱ्याच दिवशी हुकूम सौम्य करावा लागला आणि घरी वेगळे ठेवण्याची योग्य सोय असल्यास रोग्याला हलवू नये असे ठरले. ह्या माघारीमागे आणखी एक कारण होते. शहराची मैलासफाई करणारे कामगार घाबरून पळाले तर मुंबई राहण्याजोगीच उरणार नाही, हे कमिशनरांनी ओळखले होते. ज्यांना नगराच्या कारभारात कोणी विचारीत नव्हते, त्यांच्याच हातांवर नगराचे अस्तित्व अवलंबून होते. सामान्य दिवसांत हे ध्यानी येत नाही. आपत्तीने ते उघड केले.

लोक तरीही गेलेच. सुमारे साडेआठ लाख वस्तीच्या शहरातून फेब्रुवारी १८९७ पर्यंत पावणेचार लाखांहून अधिक माणसे बाहेर पडली असे मानले जाते. आगगाड्यांनी आणि गलबतांनी गेलेल्या ह्या माणसांबरोबर रोगही प्रांतभर गेला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा संमत झाला आणि सरकारच्या हाती जवळजवळ अमर्याद अधिकार आले. मार्चमध्ये ब्रिगेडियर जनरल गेटेकर यांच्या अध्यक्षतेखाली मुंबईत प्लेग समिती नेमण्यात आली. स्नो तिचे एक सभासद होते. निवडून आलेल्या महापालिकेला मात्र तिच्यात स्थान नव्हते. ज्या संस्थेच्या सभागृहात प्लेगचे नाव प्रथम घेतले गेले, तीच संस्था बाजूला सारली गेली. पुण्यातही हीच पद्धत अधिक कठोरपणे राबविली गेली. सैनिकांकडून घरझडत्या झाल्या आणि २२ जून १८९७ रोजी प्लेग समितीचे अध्यक्ष वॉल्टर चार्ल्स रँड यांच्यावर गोळी झाडण्यात आली. त्याच पुण्याजवळ सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता १० मार्च १८९७ रोजी निधन पावल्या होत्या. रोग्याकडे जाण्याचे दोन मार्ग एकाच वर्षी, एकाच परिसरात दिसले. एक हुकमाचा आणि एक सेवेचा.

व्हिएगस ह्या काळात मांडवीत रोग्यांजवळ राहिले. वस्त्यांची स्वच्छता व्हावी ह्यासाठी त्यांनी नेटाने मोहीम चालविली आणि स्वतःच्या जीविताची पर्वा न करता उपचार केले. त्यांच्या कार्याचा सर्वांत मोठा भाग मात्र लसीकरणाचा आहे. हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. नंतर भायखळा तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिची चाचणी झाली. लस मिळाली तरी ती घेणारा माणूस मिळणे हा निराळाच प्रश्न होता. टोचल्याने ताप येई, हात सुजे, आणि सरकार आपल्या शरीरात काय घालते आहे ह्याविषयी शंका असे. आगाखानांनी आपल्या अनुयायांसमोर स्वतः लस टोचून घेतली, त्याचा परिणाम झाला. व्हिएगस यांच्या नावावर सुमारे १८,००० माणसांना लस टोचल्याची नोंद जमा आहे. हा आकडा मोठा आहे, आणि तो ओळखीवर उभा आहे. पंधरा-वीस वर्षे ज्याने घरातील मुलांचे ताप उतरविले, त्याच्यापुढे हात पुढे करणे माणसाला सोपे जाते. पुढे १९०२ साली पंजाबातील मुल्कोवाल गावी दूषित झालेल्या एका बाटलीतील लसीने १९ जण धनुर्वाताने दगावले, आणि हाफकिन यांच्यावरील ठपका दूर होण्यास १९०७ साल उजाडले. विश्वास मिळविण्यास किती काळ लागतो आणि गमावण्यास किती थोडा, ह्याचे ते कठोर उदाहरण होय.

ह्या चरित्राचा गौरव करताना त्या काळच्या ज्ञानाची मर्यादाही सांगितली पाहिजे. रोग घाणीतून आणि दूषित हवेतून उत्पन्न होतो ही समजूत अद्याप प्रबळ होती. त्यामुळे महापालिकेने गटारे धुतली, कार्बोलिक ॲसिडचे फवारे मारले, घरांना चुना दिला, छपरे उघडून आत ऊन घेतले. उंदीर आणि त्याच्या अंगावरील पिसू ही रोगाची वाहने आहेत, हे पॉल-लुई सिमों यांनी १८९८ साली कराचीतील प्रयोगाने दाखविले आणि ते सर्वमान्य होण्यास आणखी सात-आठ वर्षे लागली. धुतलेल्या गटारांतून उंदीर नव्या घरांत शिरले असण्याचा संभव मोठा आहे. मांडवीतील निदान अचूक होते. उपाय मात्र चाचपडतच चालले होते. आपत्तीत बहुधा असेच घडते. ज्ञान अपुरे असताना कृती करावी लागते, आणि म्हणूनच चूक झाल्यास ती ऐकून घेणारे सभागृह जिवंत असणे आवश्यक असते.

साथ एका हंगामात संपली नाही. १९०१ च्या खानेसुमारीत मुंबईची लोकसंख्या १८९१ च्या ८ लाख २१ हजारांवरून ७ लाख ७६ हजारांवर उतरलेली दिसली. दरम्यान सरकारने आपल्या धोरणात बदल केला. सक्ती कमी झाली आणि निरनिराळ्या जातिधर्मांच्या लोकांनी चालविलेल्या खासगी प्लेग रुग्णालयांना मान्यता मिळाली. प्लेगची व्यवस्थाही क्रमाने पुन्हा महापालिकेकडे आली. १८९८ साली मुंबई सुधार विश्वस्त मंडळ स्थापन झाले. त्याने रुंद रस्ते काढले, दाट चाळी पाडल्या. पण ज्यांची घरे पाडली त्या सर्वांना घरे देणे त्याला साधले नाही, आणि गरिबांची गर्दी एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत सरकली. १९०६ साली व्हिएगस महापालिकेचे अध्यक्ष झाले. त्या पदावर आलेले ते पहिले भारतीय ख्रिस्ती गृहस्थ. प्लेगने तेव्हाही दरसाल हजारो माणसे मरत होती. ज्या सभागृहात दहा वर्षांपूर्वी त्यांनी अप्रिय वार्ता सांगितली होती, त्याच सभागृहाने त्यांना अध्यक्षस्थानी बसविले. अध्यक्षपद मानाचे होते, अंमलबजावणीचे अधिकार तेव्हाही कमिशनरकडेच होते. तरी ह्या निवडीत नगराने मानलेले ऋण दिसते. १९३३ साली त्यांचे निधन झाले. मुंबईत मेट्रो चित्रपटगृहासमोर, धोबीतलावच्या चौकाजवळ त्यांचा पुतळा उभा आहे. त्याच्या बाजूने रोज असंख्य माणसे जातात; त्यांतील फारच थोड्यांना तो कोणाचा आहे हे ठाऊक असावे.

ह्या चरित्राचे मोल स्मारकापुरते नाही. १८९७ चा साथरोग कायदा १२३ वर्षांनंतर, २०२० साली करोनाच्या साथीत पुन्हा उपयोगात आणावा लागला. त्याच वर्षी धारावीत मुंबई महापालिकेने घरोघर तपासणी केली तेव्हा त्या वस्तीत दवाखाने चालविणारे खासगी डॉक्टर तिच्या मदतीला उतरले. अनोळखी पथकाला बंद राहिलेले दार ओळखीच्या डॉक्टराला उघडते, हा मांडवीचा अनुभव तेथे उपयोगी पडला. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्याकडे आणि सहअध्यक्षपद स्थानिक संस्थेच्या निवडून आलेल्या प्रतिनिधीकडे दिले आहे. १८८८ च्या कायद्यातील कमिशनर आणि सभासद हेच जोडपे येथे नव्या रूपात आले आहे. दोघांना एका मेजाशी बसविण्याची तरतूद झाली, ही प्रगतीच होय. मात्र बसल्यानंतर कोणाचे ऐकले जाते, हे कायदा सांगू शकत नाही.

भिलाईसारख्या औद्योगिक नगरात हा प्रश्न अधिक निकडीचा होतो. येथे पोलाद कारखान्याच्या वसाहतीची व्यवस्था कारखान्याकडे, सभोवतालच्या वस्तीची महापालिकेकडे आणि आपत्तीचे अधिकार दुर्गच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे आहेत. १२ जून २०१४ रोजी पाणीपुरवठ्यातील बिघाडानंतर कारखान्यात कार्बन मोनॉक्साइड वायूची गळती झाली आणि सहा जण मृत्युमुखी पडले. ह्या वायूला वास नसतो, रंग नसतो. प्लेगच्या जंतूप्रमाणेच तो कोणीतरी वेळीच ओळखावा लागतो, आणि ओळखणारा बहुधा जागेवरचाच माणूस असतो. त्याचे निदान कोणत्या दारी न्यावयाचे, तेथे ते कोण ऐकणार, आणि अप्रिय वार्ता आणल्याबद्दल त्याला काय सोसावे लागणार, ह्यांची उत्तरे आपत्तीपूर्वीच ठरलेली असली पाहिजेत. साधनांचा साठा, योजनांचे आराखडे आणि कवायती ह्यांची गरज आहेच. परंतु नगराची पहिली सज्जता म्हणजे वस्तीत वावरणाऱ्या जाणत्या माणसाला सभागृहात उभे राहून रोगाचे नाव घेता येणे, आणि ते घेतल्यावर वस्तीला विश्वासात घेऊनच पाऊल उचलणे. मुंबईला १८९६ साली पहिली गोष्ट व्हिएगस यांच्यामुळे लाभली. दुसरी तिच्या शासनाला साधली नाही, आणि त्या उणिवेची किंमत सामान्य माणसांनी मोजली.